रोड सायकलिंगच्या ग्रुपमधला पहिला महिना: मुंबईतल्या नवख्यांसाठी

रविवारी पहाटे साडेपाचला एनसीपीएसमोर पोहोचलात की आधी ऐकू येतो तो बुटांचा टकटक आवाज. मग दिसतात अंगाला घट्ट बसलेले रंगीबेरंगी कपडे, दाढी केल्यासारख्या गुळगुळीत पोटऱ्या, आणि एकमेकांना "आज इझीच आहे ना?" असं विचारणारी माणसं. नव्या माणसाला याचं हसू येतं आणि थोडी धास्तीही वाटते. या खेळातल्या बहुतेक विचित्र सवयींच्या मुळाशी कुठेतरी एखादं पंक्चर, एखादी जखम किंवा एखादा आपटलेला ग्रुप असतो. कारण कळलं की कशावर मनमोकळं हसायचं आणि काय मुकाट्याने पाळायचं, हेही कळतं.

मेसेज नीट वाचा

आदल्या दिवशी ग्रुपवर असा मेसेज येतो: "एनसीपीए ५.३०, रोल आउट ५.४५, ६० किमी, २६-२८, नो ड्रॉप." यातलं ५.४५ म्हणजे चाकं फिरायला लागण्याची वेळ. ५.४५ ला पोहोचून हवा भरायला घेतलीत तर वीस माणसं तुमच्यासाठी खोळंबतील. २६-२८ हा सरासरी वेग, ताशी किलोमीटरमध्ये. सिग्नल, वळणं आणि गर्दीत तो खाली येतो, म्हणून मोकळ्या सपाट रस्त्यावर ३० ते ३२ ने चालवावं लागतं. घरच्या रस्त्यावर एकट्याने २२ ची सरासरी येत असेल तर या राइडला जाऊ नका, २०-२२ ची राइड शोधा. "नो ड्रॉप" म्हणजे मागे पडलेल्याला सोडून जात नाहीत, पण कोणी शेजारी चालवत राहील असा त्याचा अर्थ नाही. ठरलेल्या ठिकाणी थांबतात. ती ठिकाणं आधीच विचारून घ्या.

"इझी राइड" हा या खेळातला जगभरचा सर्वांत जुना विनोद आहे. ती क्वचितच इझी राहते आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. दोघं शेजारी चालवताना एकाचं चाक अर्ध्या चाकाने पुढे जातं. दुसरा बरोबरी करायला थोडा जोर लावतो. पहिला पुन्हा अर्धं चाक पुढे. दोघांनाही कळत नाही, पण दहा किलोमीटरमध्ये वेग ताशी तीन-चार किलोमीटरने चढलेला असतो आणि मागची रांग धापा टाकत असते. याला हाफ-व्हीलिंग म्हणतात. उपाय एकच: शेजाऱ्याच्या हँडलच्या रेषेत आपलं हँडल ठेवा आणि चाकाकडे बघूच नका.

दुसरी प्रथा सबबींची. "दोन आठवडे सायकलला हात लावलेला नाही", "झोपच झाली नाही", "गुडघा कुरकुरतोय" हे सुरुवातीलाच जाहीर करायचं आणि मग पेडर रोडच्या चढावर सगळ्यांच्या पुढे निघून जायचं. ही खेळातली लाडकी लबाडी आहे. तिच्यावर विश्वास ठेवून वेगाचा अंदाज बांधू नका. तुम्ही मात्र खरं सांगा: आजवर सलग जास्तीत जास्त किती किलोमीटर चालवलं आणि किती सरासरीने. राइड लीडरला तेवढीच माहिती लागते.

रस्त्यांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, यांपैकी कशावरही सायकलला परवानगी नाही. मॅप्सने तिकडे वळवलं तरी जाऊ नका. सुरुवातीला मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस आणि नवी मुंबईचा पाम बीच रोड बरे, सपाट आहेत. चढाची सवय करायला मलबार हिल, आरे, ठाण्याचं येऊर आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला कान्हेरीचा रस्ता.

आदल्या रात्रीची तयारी

रोड सायकलच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, बारीक आणि टोकाला छोटं नट असलेला. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याची नळी त्यावर बसत नाही. पितळेचं छोटं ॲडॉप्टर मिळतं, ते घेऊन ट्यूबबरोबर सॅडल बॅगेत ठेवा. घरी प्रेशर दाखवणारा उभा पंप हवाच, कारण बारीक टायरमधली हवा आठवडाभरात आपोआप कमी होते. ७० किलोच्या माणसाने २५ मिमीच्या टायरमध्ये मागे ८५ आणि पुढे ८० पीएसआयच्या आसपास, २८ मिमीमध्ये ७५ आणि ७० च्या आसपास हवा भरावी. टायरवर छापलेला कमाल आकडा गाठू नका. मुंबईच्या पेव्हर ब्लॉकवर तेवढं कडक टायर उडतं आणि पकड सोडतं. पावसात आणखी पाचेक पीएसआय कमी. पण फारच कमी ठेवलीत तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

चेनला ऑइल एकेका कडीवर एकेक थेंब द्या, पेडल उलटं फिरवा, पाच मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं फडक्याने पुसून काढा. बाहेर राहिलेल्या ऑइलवर वाळू चिकटते आणि ती चेन नि गिअरचे दाते झिजवते. समुद्राकाठी चालवल्यावर नुसतं कोरडं फडकं फिरवलंत तरी गंज लांब राहतो. न पुसलेल्या चेनची एक ओळखीची खूण आहे: उजव्या पोटरीवर उमटलेला काळा दातेरी ठसा. सिग्नलला थांबल्यावर पाय चेनरिंगला, म्हणजे पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राला, टेकतो आणि ठसा उठतो. जगात कुठेही गेलात तरी सायकलवाले त्यावरून नवखा ओळखतात आणि हसतात. हे हसणं मनाला लावून घेऊ नका, चेन पुसा.

सॅडल बॅगेत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टी-टूल आणि वेफरच्या पाकिटाचा घडी घातलेला तुकडा ठेवा. टायरच कापलं गेलं तर आतून हा तुकडा लावल्याने ट्यूब फुगून बाहेर येत नाही. घरी पोहोचेपर्यंत तो टिकतो. दिवे पुढचे-मागचे दोन्ही, चार्ज करून.

कपडे आणि त्यांचे नियम

बिब शॉर्ट्स म्हणजे खांद्यांवरून पट्टे असलेली, बुडाखाली पॅड शिवलेली सायकलिंगची शॉर्ट्स. तिच्या आत चड्डी घालायची नाही. हा प्रश्न विचारायला सगळे लाजतात, म्हणून आधीच सांगतो. पॅडला मध्ये शिवण नसते, चड्डीला असते. घामाने ओली झालेली ती शिवण दोन तास घासली की कातडी सोलते आणि गळवं येतात. शॉर्ट्स घरी आल्याबरोबर धुवा. पावसाळ्यात मुंबईत काही सुकत नाही, म्हणून दोन जोड लागतात.

पाय गुळगुळीत करण्यामागे तीन कारणं सांगतात: पडल्यावर खरचटलेली जागा साफ करायला सोपं जातं, पट्टी काढताना केस ओढले जात नाहीत आणि मालीश नीट होते. चौथं कारण म्हणजे आपण या टोळीचे आहोत हे दाखवणं. तेही खरंच आहे आणि त्यात गैर काही नाही. पण सक्ती कोणाचीच नसते. मोज्यांच्या उंचीवर होणाऱ्या चर्चा ऐकून नवल वाटेल, पण सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआय शर्यतीत मोज्याची उंची खरोखर मोजते. घोटा आणि गुडघ्याखालचं हाड यांच्या मध्यापेक्षा मोजा वर जाता कामा नये, कारण लांब गुळगुळीत मोज्याने वाऱ्याचा विरोध कमी होतो. सायकलचं वजनही ६.८ किलोपेक्षा कमी चालत नाही. तुमच्या रविवारच्या राइडला यातलं काहीच लागू नाही.

एक संकेत मात्र पाळण्यासारखा आहे. पांढऱ्यावर इंद्रधनुषी आडवे पट्टे असलेली जर्सी जगज्जेत्याची असते, ती विकत घेऊन घालू नये.

क्लीट्स: पडणार, पण कमी पडा

बुटाच्या तळाला बोल्टने लावलेली क्लीट पेडलमध्ये अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. सिग्नलला थांबताना पाय अडकलेला राहतो आणि माणूस झाडासारखा आडवा होतो, शून्य वेगाने, सगळ्यांसमोर. हे जवळजवळ प्रत्येकाचं एकदा होतं. हसणारेही कधीतरी असेच पडलेले असतात.

आधी घरात भिंतीला हात टेकून प्रत्येक पाय वीस-वीस वेळा अडकवा आणि सोडवा. पेडलच्या मागच्या बाजूला ताण कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू असतो. तो ॲलन-कीने उणे खुणेकडे पूर्ण सैल करा, दोन्ही पेडलवर सारखाच. मग रविवारी सकाळी बीकेसीतल्या एखाद्या रिकाम्या गल्लीत थांबणं-निघणं करा. सिग्नलच्या २०-३० मीटर आधी डावा पाय सोडवायचा, कारण आपण डावीकडे चालवतो आणि टेकायला फुटपाथही तिकडेच असतो. पाय सोडवल्यावर शरीराचा भार डावीकडेच ठेवा. बहुतेकजण पडतात ते डावा सोडवून उजवीकडे कलतात म्हणून.

शिमानोच्या तीन बोल्टवाल्या क्लीटमध्ये पिवळी ६ अंश, निळी २ अंश मोकळीक देते आणि लाल अजिबात देत नाही. नवख्याने पिवळीच घ्यावी, गुडघे वाचतात. खरं सांगायचं तर मुंबईत सुरुवातीला दोन बोल्टवाल्या, तळात रुतलेल्या छोट्या क्लीट्स जास्त सोयीच्या. टपरीपर्यंत, रेल्वेच्या पुलावरून, ओल्या फरशीवरून त्यांच्यावर माणसासारखं चालता येतं. मोठ्या प्लास्टिकच्या क्लीट्स चालण्याने झिजतात आणि बदकासारखी ती चाल त्यांच्यामुळेच येते.

रांगेत कसं चालवायचं

ग्रुप राइड म्हणजे मुख्यतः हेच. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की वारा तो कापतो आणि तुमची पाव ते तृतीयांश मेहनत वाचते. याला ड्राफ्ट घेणं किंवा व्हील पकडणं म्हणतात. पहिल्या महिन्यात एक मीटर अंतर ठेवा. विश्वास वाढेल तसं ते आपोआप कमी होईल. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या कमरेवर आणि खांद्यावरून पुढे ठेवा, म्हणजे ब्रेक लागायच्या आधी अंदाज येतो.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवणं. तो खड्डा चुकवायला हातभर सरकला की त्याचं मागचं चाक तुमच्या पुढच्या चाकाला लागतं. त्याला काही होत नाही. तुम्ही पडता आणि तुमच्या मागचे तुमच्यावर. दुसरी चूक चढावर एकदम उभं राहण्याची. उभं राहताना पेडलवरचा जोर क्षणभर तुटतो आणि सायकल मागच्याच्या अंगावर वीतभर मागे आल्यासारखी होते. उभं राहायचं असेल तर एक गिअर जड करा, पेडल खाली दाबतानाच उठा.

पुढे जायची पाळी आली की नवखा हमखास जोर लावतो, कारण सगळे बघत असतात. तसं करू नका. पुढे येण्याआधी मीटरवर जो वेग होता तोच ठेवा. अर्धा मिनिट ओढा, कोपर हलवून इशारा करा, बाजूला व्हा आणि हलक्या पायाने मागे या. शेवटच्याचा खांदा तुमच्या रेषेत आला की थोडा जोर लावून त्याचं व्हील पकडा. तो निघून गेल्यावर जोर लावलात तर पाच मीटरची फट पडते आणि ती भरण्यात विश्रांती वाया जाते. कोणत्या बाजूने सुटायचं हे प्रत्येक ग्रुपचं ठरलेलं असतं, ते निघण्यापूर्वी विचारा.

इशारे मागच्यांपर्यंत पोहोचवायचे असतात. खड्डा ज्या बाजूला, त्या हाताचं बोट खाली. डावीकडे उभी गाडी असेल तर डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे हलवायचा. तळवा खाली करून हलवला म्हणजे वेग कमी. पण जोरात ब्रेक लावायचा असेल तेव्हा हात सोडू नका, नुसतं ओरडा: "स्टॉप!" रस्ता ओलांडताना पुढचा "क्लिअर" म्हणाला तरी स्वतः बघा. त्याच्यापुरता रस्ता मोकळा होता. तुम्ही पोहोचेपर्यंत रिक्षा आलेली असते.

मुंबईची म्हणून काही खास संकटं आहेत. फ्लायओव्हरवरचे लोखंडी जॉइंट आणि मेट्रोच्या कामावरच्या पत्र्याच्या प्लेटा काटकोनात ओलांडा. तिरके गेलात की बारीक टायर फटीत बसतं. गटारावरच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर तिला पूर्ण वळसा घाला. पहाटे ससून डॉकच्या आसपास माशांच्या गाड्यांमधून सांडलेलं पाणी रस्त्यावर असतं, तिथे वळताना ब्रेक लावायचा नाही आणि सायकल झुकवायची नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, आणि झेब्रा क्रॉसिंगचे रंगीत पट्टे तर पावसाळाभर निसरडे असतात. बेस्टची बस स्टॉपकडे वळायला लागली की तिच्या डावीकडून घुसू नका.

नाक शिंकरायचं किंवा थुंकायचं असेल तर रांगेच्या शेवटी जा. वारा मागे वाहतो.

खाणं

दीड तासाच्या पुढच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, गूळ-पोळीचा रोल, सगळं चालतं. भूक लागल्यावर नव्हे, पहिल्या पाऊण तासातच सुरुवात करा. नाही खाल्लंत तर बॉन्क होतो: पाय अचानक रिकामे होतात, डोकं सुन्न होतं, चिडचिड होते आणि १५ चा वेगही निघत नाही. शहाण्या माणसांनाही त्या वेळी रडू येतं, आणि नंतर त्याच गोष्टी चहावर रंगवून सांगितल्या जातात. बॉन्क झालेला माणूस "मी ठीक आहे" म्हणतो. त्याचं ऐकू नका, तोंडात साखर घाला आणि दहा मिनिटं बसवा.

पाणी तासाला किमान अर्धा लिटर, एप्रिल-मेमध्ये पाऊण लिटर. ओआरएसचं पाकीट एक लिटरसाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलंत तर पोट बिघडेल.

शेवटी टपरीवर कटिंग किंवा इराण्याकडे बन मस्का असतोच, आणि बहुतेक ग्रुपमध्ये तो राइडइतकाच महत्त्वाचा भाग आहे. तिथे थांबा. मार्ग, दुकानं, मेकॅनिक यांची सगळी उपयोगी माहिती तिथेच मिळते.

पंक्चर झालं तर

हात वर करून ओरडा, हळूहळू डावीकडे घ्या आणि सगळ्यांनी रस्त्यावरून पूर्ण बाहेर यायचं. मग तो सोहळा सुरू होतो: एक माणूस टायर काढतो आणि आठजण सल्ले देतात. काम एकाने करावं, दुसऱ्याने सायकल धरावी.

मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वांत छोट्या दातेरी चक्रावर आणा, मग चाक काढा. उरलेली हवा सोडून टायरची एक कड लिव्हरने उचला आणि ट्यूब बाहेर काढा. आता जे नवखे विसरतात ते: टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. जुन्या ट्रकच्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा मुंबईच्या रस्त्यांवर पडलेल्या असतात. ती तार तशीच राहिली की नवी ट्यूब एक किलोमीटरमध्ये जाते. भोक ट्यूबवर कुठे आहे ते बघा आणि टायरची तीच जागा दोनदा तपासा. नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती बसवा. टायर व्हॉल्व्हपासून दूरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा, शेवटचा भाग अंगठ्यांनीच. लिव्हरने बसवताना ट्यूब चिमटते. पूर्ण हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा. जुनी ट्यूब रस्त्यावर टाकू नका.

शर्यत बघणं आणि पहिली शर्यत

जुलैत टूर द फ्रान्सचा टप्पा आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास संपतो आणि दुसऱ्या दिवशीच्या राइडला सगळी चर्चा तीच असते. चार गोष्टी माहीत असल्या की गप्पांत भाग घेता येतो. ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली. ती भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं, तोच रंग १९१९ मध्ये आघाडीवीराच्या जर्सीला मिळाला. ती जर्सी पहिल्यांदा घालणारा युजीन क्रिस्टोफ १९१३ च्या टूरमध्ये तुर्माले घाट उतरताना फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागलेला दांडा) तुटल्यामुळे मैलोन्‌मैल सायकल घेऊन चालत लोहाराच्या भट्टीपर्यंत गेला होता. नियमाप्रमाणे त्याने फोर्क स्वतःच्या हाताने सांधला, पण एका पोराने भाता मारला म्हणून पंचांनी त्याला दंड केला.

शेवटून पहिला येणाऱ्याला टूरमध्ये "लाल कंदील" म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या दिव्यावरून. इटलीच्या जिरो या शर्यतीत तर १९४६ ते १९५१ या काळात शेवटच्याला काळी जर्सी मिळायची. लुइजी मालाब्रोका नावाचा शर्यतपटू ती जिंकण्यासाठी मुद्दाम लपून बसून वेळ घालवायचा. "चिकट बाटली" हा शब्दही कानावर येईल: गाडीतून बाटली देताना सोडायचीच नाही, म्हणजे शर्यतपटू गाडीबरोबर ओढला जातो. पंच काही क्षण चालवून घेतात, जास्त झालं तर दंड होतो. आपल्याकडच्या मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याचा चढ आधी पार करणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात. हा किताब ऐकला की जुन्या सायकलपटूंचे डोळे आजही चमकतात.

पहिल्या शर्यतीला नाव नोंदवलंत तर नंबर लावण्यापासून सुरुवात करा. जर्सी अंगात घालून, रायडिंगच्या अवस्थेत वाकून दुसऱ्याकडून लावून घ्या, नाहीतर वाकल्यावर कागद फुगतो आणि फडफडतो. चारही कोपऱ्यांना पिना, प्रत्येक पिन कागदातून दोनदा ओवलेली. पिन खिशाच्या दोन्ही थरांतून गेली नाही ना ते बघा, नाहीतर निम्म्या वाटेवर केळं बाहेर निघणार नाही. १३ नंबर मिळाला तर दोनपैकी एक कागद उलटा लावण्याची जुनी प्रथा आहे आणि पंच ती मान्य करतात.

पहिले दहा मिनिटं वेग अंगावर येईल. ग्रुपच्या पहिल्या तृतीयांशात राहा. मागच्या टोकाला प्रत्येक वळणावर ब्रेक आणि प्रत्येक वळणानंतर स्प्रिंट करावी लागते, दमछाक तिथे होते. ग्रुपपासून मागे पडलात तर मागून येणाऱ्या गटाची वाट बघा आणि त्यांच्याबरोबर पाळी घ्या. शेवटी आलात तरी रेषा पार करा, तिथे उभे असलेले लोक त्यासाठीच थांबलेले असतात. निकाल लागेपर्यंत नंबर काढू नका. पिना मात्र परत करा, पुढच्या शर्यतीला त्याच लागतात.